वाळलेला विडा

कितीतरी राजे आले नि गेले, त्यांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत, इतकी जुनी ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जास्तच लक्ष देऊन ऐकावी, कारण ही चूक मोठ्यांचीच आहे.

एका गावात एक तांबटीण राहत होती. नवऱ्यामागे तिनेच भट्टी पेटती ठेवली होती. हंडे-घागरी ठोकून तिचे हात दणकट झाले होते आणि जीभ त्याहून दणकट. तिच्यासमोर वादाला उभं राहिलं की भल्याभल्यांची बोबडी वळायची.

दर उन्हाळ्यात गावाच्या तळ्यावर मेंढपाळ उतरायचे. त्यांतली एक मेंढपाळीण तांबटिणीची जिवाभावाची मैत्रीण. तांबटिणीची लेक तापाने फणफणली होती, तेव्हा तिनेच उशाशी बसून पोरीला वाचवलं होतं.

एका वर्षी पावसाने दगा दिला. तळ्याचा तळ दिसू लागला. तेव्हा गावातल्या एका बागाईतदाराने सभेत मागणी केली, "यंदा मेंढरांना तळं बंद. गावालाच पुरंना, तिथं उपऱ्यांना कुठलं पाणी?"

त्या गावात ठरावाची एक रीत होती. मागणी करणाऱ्याने पारावर पानाचा विडा ठेवायचा. ज्याला मागणी मान्य नसेल त्याने तो उचलायचा, दोघांनी अर्धा अर्धा खायचा आणि मग समोरासमोर बसून भांडायचं. अगदी पोटभर भांडायचं. दिवस मावळेपर्यंत कुणीच विडा उचलला नाही, तर मागणी मंजूर. मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यावर शब्द काढायचा नाही.

मागणीची बातमी घरी कानावर येताच तांबटिणीच्या अंगाचा तिळपापड झाला. तळं काय याच्या बापाने खणलं होतं?

शेजारीण धावत आली. "आवो, चला लवकर. समदी तुमचीच वाट बघत्यात. आमचं कोन ऐकतंय? तुमीच इडा उचला."

"त्याच्याबरोबर विडा खाऊ? मी?" तांबटीण कडाडली. "मुक्या जिवाचं पाणी तोडणाऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसू? त्याच्याशी वाद घातला, म्हणजे त्याचं म्हणणं वाद घालण्याजोगं आहे असं होईल. थुंकते मी त्या विड्यावर!"

"खाऊन मग थुका की. पर या तर खरं!"

तांबटिणीने दार लावून घेतलं. हातोडा घेतला आणि दिवसभर एकच हंडा ठोकत बसली. तिचा राग खरा होता, रागाला कारणही खरं होतं. आपण न जाऊन त्याच्या थोबाडीत मारली, असं तिला वाटत होतं. अहो, कसली थोबाडीत? पारावर त्याच्यासमोर चिटपाखरू नव्हतं! संध्याकाळी विडा वाळून गेला आणि मागणी मंजूर झाली.

मेंढपाळ आले, तेव्हा तळ्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण पडलेलं होतं. कोकरं कुंपणाशी ओरडत होती. मेंढपाळीण चार कोकरं घेऊन तडक तांबटिणीच्या दारात आली.

"तू व्हतीस ना गावात? मंग काय बोल्लीस सभंत?"

तांबटीण मान ताठ करून म्हणाली, "मी गेलेच नाही. असल्या माणसाशी मी बोलत नाही."

मेंढपाळिणीचा आवाज चढला.

"बोलत न्हाईस? तान आमाला लागली, आन् रुसून तू बसलीस? तुजं त्वांड इटाळलं न्हाई, लई झ्याक झालं. माजी कोकरं कुटं न्हिऊ आता? त्याला आमचं मरान दिसत नसंल. तुला तर दिसत व्हतं!"

तांबटिणीने घरातली भरली घागर पुढे केली. मेंढपाळिणीने ती कोकरांपुढे धरली, रिकामी झाल्यावर उंबऱ्यात ठेवली आणि पाठ फिरवली.

तांबटीण तशीच बागाईतदाराच्या अंगणात शिरली. जे पारावर बोलायचं ते सगळं तिने तिथे बोलून घेतलं, आणि वर चार शिव्याही घातल्या. त्याने ते ऐकून घेतलं.

"वहिनी, माजी झाडं जळत व्हती. मला दुसरं काय दिसत नव्हतं," तो म्हणाला. "पर कोकरांपुरता एक घाट सोडा, असं कुनी म्हनलं असतं, तर मी सोडला असता. दिवसभर पारावर बसून व्हतो. मागायलाच कुनी आलं न्हाई."

"मग आता सोडा!"

"आता माज्या हातात काय ऱ्हायलंय? ठराव गावाचा झाला."

तांबटिणीचा त्याच्यावरचा राग तसूभरही कमी झाला नाही. कमी व्हायचं कारणही नव्हतं. पण आता स्वतःच्या रागाने ती जास्त होरपळली. ती धावत वेशीपर्यंत गेली. मेंढपाळ केव्हाच निघून गेले होते.

पुढचं पाणी फार लांब होतं. निम्मी कोकरं वाटेतच पडली. पुढच्या उन्हाळ्यात तळं काठोकाठ भरलेलं होतं, पण मेंढपाळांनी त्या गावाकडे पुन्हा कधी पाऊल वळवलं नाही.

तात्पर्य : विरोधकाशी धरलेल्या अबोल्याची किंमत तिसऱ्याला मोजावी लागत असेल, तर तो बाणेदारपणा नव्हे, तो पळ काढणं आहे.