गॅरेजला छत कसलं लावायचं?

"पण माई, जिप्समच्या आत वाळवी शिरली, तर बाहेरून कळणार कसं?"

उज्ज्वलानं भागीरथीमाईंना विचारलं. गॅरेजच्या मधोमध खुर्चीवर बसून त्या वर पाहत होत्या. शिडीवर उभा राहून खंडू मिस्त्री स्लॅबखाली नव्या छताची लोखंडी चौकट बसवत होता.

मठाच्या बावीस पायऱ्या माईंना आता चढवत नव्हत्या. श्रावणापासून त्यांचं तिथलं पोथी सांगणं बंद पडलं होतं. तेव्हा उज्ज्वलानंच उमेदीनं शब्द दिला होता, "गाडी विकल्यापासून आमचं गॅरेज रिकामंच आहे. एकही पायरी नाही. मार्गशीर्षाचा सप्ताह तिथंच करू."

मार्गशीर्ष नऊ दिवसांवर आला होता. आणि छताला, भिंतींना काय लावायचं, तेच अजून ठरत नव्हतं.

"मग प्लायवूड लाव," माई म्हणाल्या.

"प्लायवूड?" उज्ज्वलानं आवाज खाली आणला. "स्वयंपाकघरातल्या कपाटांना एकानं लावून दिलं होतं, भारीतलं म्हणून. दुसऱ्या पावसाळ्यात दार हातात आलं! वर शिक्का अस्सल, आत भुसा."

"सिमेंटचे बोर्ड?"

"ते भिंतींना लावा म्हणतोय हा, आणि छताला जिप्सम. दोन तऱ्हा कशाला हो? दोन दुकानांशी लागेबांधे असतील."

"बरं, त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या?"

"त्यांच्याबद्दल तो चांगलंही बोलत नाही, वाईटही बोलत नाही. मला तर त्याचाच जास्त संशय येतो."

माई गालात हसल्या.

उज्ज्वलाचा उजवा हात जपमाळेच्या गोमुखीत होता. एकोणीस वर्षांचा नेम तिचा. माळ पूर्ण झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही.

वर ड्रिल घरघरलं. गोमुखीत मणी सरकला.

ड्रिल थांबलं. हातही थांबला.

पुन्हा घर्र... पुन्हा मणी.

"उजू, नाव कुणाचं चाललंय?"

उज्ज्वलानं गोमुखी पदराआड घेतली.

"अगं, विचारतेय मी."

"...स्क्रू मोजतेय," ती अगदी हळू म्हणाली. "हा मधूनच एखादा गाळायचा. एकदा बोर्ड बसले की कोण बघायला जाणार? म्हणून एका स्क्रूला एक मणी."

"किती झाले?"

"एक्क्याण्णव."

"ब्याण्णव, काकू," शिडीवरून आवाज आला. "तुम्ही चहा टाकायला गेलात, तवा एक मारला."

उज्ज्वलाचं तोंड एवढंसं झालं. तरी मान वर करून ती ब्याण्णवावा शोधू लागली.

माईंनी खंडूला खाली बोलावलं.

"तुझ्या घरावर काय आहे रे?"

"पत्रा, माई."

"गळतो?"

"मी घातलाय न्हवं. कसा गळंल?"

"मग हिच्या भिंतींना निराळा बोर्ड का सांगतोस?"

खंडूनं बागेकडच्या भिंतीला, खाली, तळवा टेकवला. "हात लावून बघा. बागंचं पाणी मुरतंय. जिप्सम हितं फुगंल. वर कोरडं हाय, तिथं हलकाच बरा."

माईंनी वाकून हात लावला. मग उज्ज्वलानं लावला.

भिंत गार होती, ओलसर होती.

सकाळी यानंच तर पाणी मारून ठेवलं नसेल?... विचार आलाच. तिची तिलाच लाज वाटली, पण आला.

माईंनी तिच्यापुढे हात पसरला.

"गॅरेजची किल्ली दे."

उज्ज्वलानं कमरेची किल्ली काढून दिली. माईंनी ती खंडूच्या हातावर ठेवली.

"नऊ दिवस तुझे. बोर्ड तू आण, तू लाव. ही इकडे फिरकणार नाही."

"माई!"

"हा तुझा नेम, उजू. मार्गशीर्ष लागेपर्यंत."

"निदान आलेला माल तरी एकदा..."

"नाही."

"लांबून?"

"लांबूनही नाही."

खंडूला काय करावं सुचेना. त्यानं किल्ली कपाळाला लावली, खिशात घातली आणि शिडी चढला.

माई उठल्या. उज्ज्वलानं त्यांना आधार दिला. दोघी फाटकाकडे निघाल्या. रिक्षा उभीच होती.

मागे ड्रिल घरघरलं. उज्ज्वलाचा अंगठा आपोआप हलला... तिनं मूठ मिटून घेतली.

चार पावलं गेली. पाचव्याला मात्र तिला राहवलं नाही.

"माई... आणि त्यानं फसवलं तर?"

माई फाटक धरून थांबल्या. त्यांना धाप लागली होती.

"तर एक छतच खोटं निघेल, उजू. माळ तरी खरी राहील."