आडव्या वाऱ्याचा खळगा

त्या राज्यात समुद्र एकच होता, पण तो कसा आहे याबद्दल कुणा दोघांचे कधी एकमत झाले नव्हते. बगळे म्हणत, समुद्र अगदी गरीब आहे, उगाच कुणाच्या वाटेला जात नाही. चिमुकले तुतवार पक्षी म्हणत, त्याच्यासारखा तापट शोधून सापडायचा नाही. खेकड्यांचे मत दर भरतीला बदलायचे. हे वाद चालत तेव्हा समुद्र समोरच असे.

या राज्याचा राजा एक पाणकावळा होता. महाराज कृष्णपंख दिवसभर खडकावर पंख पसरून बसत. महाराज आशीर्वाद देत आहेत असे प्रजेला वाटे. खरे तर ते पंख वाळवत असत.

दरवर्षी किनाऱ्यावरची वयात आलेली पिल्ले खाडी ओलांडून समोरच्या बेटावर जात आणि जाणती होऊन परत येत. त्यांनी कोणत्या दिवशी निघायचे यावरून दरवर्षी भांडणे होत. ती पिल्ले निघेपर्यंत किनाऱ्यावरच्या मासळीचा पहिला वाटा त्यांचा, असा नियम होता. महाराजांच्या वाट्याला शेपट्या येत. यंदा शेपट्यांचा त्यांना अगदी कंटाळा आला आणि त्यांनी हुकूम काढला, की समुद्राचा स्वभाव काय तो एकदाचा ठरवून टाका, म्हणजे दिवसही ठरेल.

सामग्री तयार होती. राजाच्या खडकात वाऱ्यांच्या नावाचे खळगे होते : डोंगरवारा, खारा वारा, पाऊसवारा आणि आडवा वारा. घरातले कुणी समुद्रावर निघाले, की मागे राहिलेले दाराशी दोन शिंपले मांडून ठेवत, एक पांढरा, एक काळा. परत आलेला त्यातला एक उचली, कडेवर आपली खूण करी आणि त्या वेळच्या वाऱ्याच्या खळग्यात टाकी. समुद्र शांत भेटला तर पांढरा, खवळलेला भेटला तर काळा. उरलेला शिंपला घरात परत जाई. पणजोबांच्या काळापासून हे चालले होते, पण टाकलेले शिंपले बाहेर काढून पाहावेत असे कुणाच्या मनात आले नव्हते.

हे काम शेवंती पाणमांजरीकडे आले. शिंपला दिसला की तिला राहवत नसे. पाण्यावर उताणी पडून ती पोटावर शिंपले लावत बसे. शिवाय तिची एकुलती एक लेक झिपरी यंदा बेटावर जाणाऱ्यांत होती. समुद्राचा स्वभाव ठरवायचाच आहे तर तो आपल्याच हाताने नीट ठरवावा, असे तिला वाटले.

तिने खळगे उपसले आणि पहिल्याच दिवशी तिच्या लक्षात आले, की काळा म्हणजे काळा असे काही नसते. तुतवाराच्या चोचीची खूण असलेले शिंपले जवळजवळ सगळे काळे होते. रोहित पक्ष्यांचे सगळे पांढरे. तिने दोघांना एकाच लाटेत उभे केले. लाट तुतवाराच्या डोक्यावरून गेली आणि रोहिताच्या घोट्याला लागली. रोहित म्हणाला, कुठे काय आहे? तुतवार काही म्हणाला नाही, कारण तो खोकत होता. त्या दिवसापासून शेवंती तुतवाराचे काळे जरा उजळ धरू लागली आणि रोहिताचे पांढरे जरा मळके.

कुरवाचे प्रकरण वेगळे होते. हा ओरडा पक्षी समुद्रावरून आला की वाटेत वेचलेले मूठभर काळे शिंपले एकदम टाकी, म्हणजे ऐकणाऱ्याला कळावे, आपण कशाकशातून वाचलो. शेवंतीने त्याच्या मुठीतला एकेकच धरला. कुरव रागावला. तो म्हणाला, "बाई, तुम्ही माझी वादळं खाल्लीत."

कासवआजोबांचे शिंपले मात्र कुठे बसेनात. पाऊसवाऱ्याच्या खळग्यात त्यांचे सगळे पांढरे! तिने त्यांना खडकापाशी बोलावून विचारले.

"आजोबा, पाऊसवाऱ्यात समुद्र शांत कसा हो मिळाला तुम्हांला?"

"पाऊसवारा? मी तर खाऱ्या वाऱ्यात निघालो होतो."

"मग शिंपला इथे कसा?"

"अगं, इथवर चालत येईतो वारा बदलला. त्यात माझा काय दोष?"

तिने आजोबांचे सगळे शिंपले एकेक वारा मागे सरकवले. आजोबांना ते पटले. आपल्याला घाई झाल्यासारखे वाटले म्हणाले.

अशी सगळ्यांची मापे एका मापात आणून शेवंतीने प्रत्येक वाऱ्याची रांग वाळूत मांडली. पाऊसवाऱ्याची रांग काळीकुट्ट होती. डोंगरवाऱ्याची आणि खाऱ्या वाऱ्याची ठिपक्याठिपक्यांची. आणि आडव्या वाऱ्याची रांग, छोटीशी, पण एकही डाग नसलेली, पांढरीशुभ्र.

महाराज इतके खूश झाले की त्यांनी पंख आणखी पसरले. आडवा वारा तर दाराशीच आला होता! त्यातल्या पहिल्या उजळ सकाळी पिल्लांनी निघावे, असे त्यांनी जागच्या जागी जाहीर केले, आणि शेवंतीला अख्खा बांगडा दिला, शेपटीसकट.

बांगडा तोंडात धरून, मान वर करून शेवंती घरी निघाली. मान वर होती म्हणूनच ती दाराशी ठेचकाळली. बांगडा एकीकडे पडला, ती दुसरीकडे. तिने खाली पाहिले.

गवतात दोन शिंपले होते. एक पांढरा, एक काळा.

ते तिनेच मांडले होते, झिपरी डोळेही उघडत नव्हती तेव्हा. झिपरीचा बाप म्हादू आडव्या वाऱ्यातल्या अशाच एका छानशा सकाळी बाहेर पडला होता. न आलेल्याचे शिंपले जागचे हलवायचे नाहीत अशी त्या किनाऱ्याची रीत होती, आणि शेवंती रोज जाता-येता ते ओलांडत असे. सवयीने, न बघता. आज राज्यातला शिंपला न् शिंपला तिने मोजला होता.

बांगडा तिथेच टाकून ती परत खडकाकडे गेली. काढलेले शिंपले खळग्यांत परत भरले होते. पाऊसवाऱ्याच्या खळग्यात तिचे बोटही शिरेना. आडव्या वाऱ्याच्या खळग्यात तिचा हात खांद्यापर्यंत गेला आणि तळाच्या गार दगडाला लागला.

"महाराज, माझं चुकलं," ती राजाला म्हणाली. "त्या वाऱ्यात समुद्र फसवतो. सकाळी गप्प असतो आणि दुपारी उलटतो. गप्प असताना जे चटकन जाऊन आले, तेवढ्यांचेच शिंपले आहेत तिथे."

महाराजांनी शांतपणे विचारले, "त्या खळग्यातला एक काळा शिंपला दाखवा, शेवंतीबाई. एकच."

तिला दाखवता आला नाही. कुरव मागून म्हणाला, माझे सगळे काळे धरले असतेत तर आज उपयोगी पडले असते. दरबार हसला. झिपरी घरी आधीच पोहण्याचा सराव करत होती आणि बेटावर काय काय खाणार ते मोजत होती.

मग शेवंती दारोदार फिरली. आजवर तिने फक्त परत आलेल्यांना विचारले होते, आता ती मागे राहिलेल्यांकडे गेली. कपारीत, बिळांत, झावळ्यांखाली, जिथे जाई तिथे उंबऱ्याशी एखादी जोडी निघे, वाळूने बुजलेली नाहीतर शेवाळलेली. कुठल्या वाऱ्यात गेले, एवढेच ती विचारी. उत्तर पुष्कळदा एकच येई. पण शिंपले उचलू द्यायला कुणी तयार होईना. खेकडीण तर जोडीवर बसूनच राहिली.

बगळेवहिनी सगळ्यांत थोरल्या. त्यांची जोडी इतकी जुनी होती, की काळा शिंपला उन्हाने करडा पडला होता.

"हलवले तर त्यांना घर सापडायचं कसं?" वहिनी म्हणाल्या.

"मला ते मोजायचे आहेत, वहिनी. ते मोजलेच गेले नाहीत कधी."

"मोजून झाल्यावर परत मांडून देशील?"

शेवंतीला हो म्हणता आले असते. ती म्हणाली नाही. वहिनी एका पायावर उभ्या राहून समुद्राकडे बघत राहिल्या. शेवंती उठून घरी आली.

ठरलेली सकाळ उजाडली. समुद्र आरशासारखा शांत होता. पिल्ले पाण्याच्या कडेला ओळीने उभी राहिली, झिपरी सगळ्यांच्या पुढे, एक पाय पाण्यात घालून. महाराजांनी पंख पसरले. ते मिटले की निघायचे, असे ठरले होते.

तेव्हा गर्दीतून वाट काढत बगळेवहिनी आल्या. त्यांच्या चोचीत दोन शिंपले होते. कुणाकडे न बघता त्या खडकावर चढल्या आणि दोन्ही शिंपले आडव्या वाऱ्याच्या खळग्यात सोडले. तळाशी पडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. त्यांच्यामागून खेकडीण आली, तिरकी तिरकी. मग तुतवारांची आई. मग कासवांच्या घरातली कुणी कुणी, हळूहळू. कुरवही आला. त्याने खाली मान घालून फक्त एकच जोडी टाकली, आणि ओरडला नाही. आवाज दर खेपेला थोडा वरून येऊ लागला.

महाराजांचे पंख भरून आले, पण ते त्यांना मिटता येईनात. झिपरीने पाण्यातला पाय हळूच मागे घेतला.

सगळ्यांत शेवटी शेवंती खडकावर चढली. म्हादूचे दोन शिंपले तिने छातीशी धरले होते. खळग्यापाशी येऊन तिने ते ठेवायला हात पुढे केला, आणि तसाच धरून उभी राहिली. आत जागा उरली नव्हती.