बेडकीची झारी

एक होती बेडकी. इवलीशी. हिरवीगार. अंगठ्याएवढी.

ती राहायची काकूच्या अंगणात, नळाखाली, एका जुन्या झारीत. झारीत गार गार पाणी. बेडकी आत शिरायची, डुबुक! बाहेर यायची, टुणुक!

एक दिवस काय झालं? काकू सकाळीच वैतागली.

"बाई बाई, घरात किती ही अडगळ! आज अंगणात बाजारच मांडते."

काकूने सतरंजी अंथरली. जुनी छत्री मांडली. निळा कंदील मांडला. आरसा मांडला. मग उचलली झारी, पाणी ओतलं बदाबदा, आणि बेडकी पडली बाहेर. थपाक!

"काकू, काकू, माझी झारी दे!"

"वा गं वा! बाजार म्हणजे बाजार. काहीतरी द्या, काहीतरी न्या!"

आता बेडकी काय देणार? तिला काय खिसा आहे?

काकू म्हणाली, "खाली बसून माझे गुडघे दुखले. आधी पाट आण, मग झारी देते."

ऊन वर आलं. जमीन तापली. बेडकीला काही चैन पडेना. ती निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

कोपऱ्यावर इस्त्रीवाला मामा. चर्र चर्र इस्त्री चाललेली. पाटावर कपड्यांची घडी.

"मामा, मामा, पाट दे!
पाट काकूला,
काकू झारी देईल,
झारीत मी जाईन, डुबुक!"

"वा गं वा! पाट दिला, तर कपडे काय मातीत ठेवू? आधी टोपली आण, मग पाट देतो."

ऊन आणखी वर आलं. बेडकीचे पाय पोळले. तिला काही चैन पडेना. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

पुढे भाजीवाली मावशी. तिच्या टोपलीत पिवळी पिवळी लिंबं.

"मावशी, मावशी, टोपली दे!
टोपली मामाला,
मामा पाट देईल,
पाट काकूला,
काकू झारी देईल,
झारीत मी जाईन, डुबुक!"

"वा गं वा! टोपली दिली, तर लिंबं घरंगळत जातील. त्यांच्यामागे तू धावणार का? आधी पिशवी आण, मग टोपली देते."

ऊन आणखी वर आलं. बेडकीची पाठ सुकली. तिला काही चैन पडेना. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

पुढे दूधवाला दादा. सायकलला पिशवी, पिशवीत किटली. ट्रिंग ट्रिंग!

"दादा, दादा, पिशवी दे!
पिशवी मावशीला,
मावशी टोपली देईल,
टोपली मामाला,
मामा पाट देईल,
पाट काकूला,
काकू झारी देईल,
झारीत मी जाईन, डुबुक!"

"वा गं वा! पिशवी दिली, तर माझी किटली पडेल धाडकन. आधी दोरी आण, किटली बांधीन, मग पिशवी देतो."

ऊन आलं डोक्यावर. बेडकीचा घसा सुकला. टुणुक करायला गेली, तर नुसतंच टुण.

पुढे आली छोटी ठकी. तिच्या हातात दोरी, दोरीला डबडं. खडखड खडखड!

"ठके, ठके, दोरी दे!
दोरी दादाला,
दादा पिशवी देईल,
पिशवी मावशीला,
मावशी टोपली देईल,
टोपली मामाला,
मामा पाट देईल,
पाट काकूला,
काकू झारी देईल,
झारीत मी जाईन, डुबुक!"

"नाही देणार!" ठकी म्हणाली. "आधी मला उडी दे. तुझ्यासारखी."

"तुला उडी येत नाही?"

ठकीने मान हलवली. तिने गुडघे वाकवले, गाल फुगवले, "हुंऽऽ" केलं. पाय काही हलेनात! ठकीचे डोळे भरून आले.

बेडकीला घाई होती. खूप खूप घाई होती. पण ठकीचे डोळे बघून ती थांबली.

"हे बघ. माझ्यासारखी खाली बस. गप्प राहा. आणि आता, वर!"

ठकी पडली. धप!

"पुन्हा. खाली बस. गप्प राहा. आणि आता, वर!"

टुणुक!

"उडाले! मी उडाले!" ठकी ओरडली. एका हातात घेतली दोरी, आणि बेडकीला घेतलं दुसऱ्या तळहातावर. "चल, मीच येते." टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

ठकीने दादाला दोरी दिली. दादाने किटली बांधली.
दादाने मावशीला पिशवी दिली. मावशीने लिंबं भरली.
मावशीने मामाला टोपली दिली. मामाने कपडे ठेवले.
मामाने उचलला पाट, आणि सगळे निघाले काकूकडे. ही झारी आहे तरी कशी, बघायला नको?

अंगणात काकू एकटीच बसली होती. बाजाराकडे कुत्रंसुद्धा फिरकलं नव्हतं.

मामाने पाट दिला. काकू पाटावर बसली. "हाऽश!"

मावशी म्हणाली, "अगंबाई, छत्री!" तिने लिंबं दिली, छत्री नेली.
दादा म्हणाला, "अरे वा, कंदील!" त्याने दूध दिलं, कंदील नेला.
मामा म्हणाला, "आरसा मला!" त्याने काकूच्या साडीला इस्त्री केली, आरसा नेला.

गलका ऐकून शेजारीपाजारी धावले. हे द्या, ते न्या! हे द्या, ते न्या! काकूला बोलायला फुरसत नाही. सतरंजी रिकामी होत चालली.

तेवढ्यात आले एक मिशीवाले काका. भला मोठा हात पुढे केला, आणि उचलली झारी!

"ही मी नेतो."

बेडकी ठकीच्या तळहातावर धडपडली.

ठकीने मारली उडी. टुणुक! थेट काकांच्या पुढ्यात.

"ती बेडकीची आहे!"

काकू पाटावरून उठली. "ठेवा हो खाली. तिचा पाट आलाय. झारी तिची झाली."

काकांनी झारी ठेवली. काकूने ती नळाखाली नेली. नळ सोडला. खळखळ खळखळ. झारी भरली गार गार.

ठकीने तळहात खाली धरला.

टुणुक! डुबुक!

बाजार उठला. अंगण रिकामं झालं. नळाखाली एक झारी, झारीत दोन डोळे, आणि आतून आवाज, "डराँव!"

बाहेरून ठकी म्हणाली, "टुणुक!"

झारी भरली, बेडकी निजली, गोष्ट तिच्याच उशाला ठेवली.