पळीभर तेल

सन २०१४ च्या एप्रिलात, ऐन उन्हाळ्यात, उमेदवार विश्वंभरराव मोरवाडीस आले. प्रतिस्पर्ध्याने देशाचे जैवइंधन दुप्पट करण्याचे वचन दिले होते. यांनी चौपटीचे दिले आणि त्यासाठी गावाचे उरलेले गायरान मागितले. सभेची समई सत्यभामाकाकूंनी मांडली होती. विश्वंभररावांनी काडी ओढली, तर समई कोरडी!

“काकू, तेल विसरलात?”

“नाही साहेब. मागच्या निवडणुकीत अर्ध्या गायरानावर तुम्ही वनएरंड लावलात. देशाच्या गाड्या चालतील एवढे तेल निघणार होते. चाऱ्यावाचून माझ्या गाई गेल्या. त्यातले पळीभर घाला, मग उरलेले गायरान मागा.”

काडी बोटांशी विझली.

एक मे रोजी ग्रामसभेने गायरान राखले. काकूंच्या गोठ्यात मात्र नुसती दावी उरली होती.