गाठ नसलेलं चित्र

रानात माणसाची पायवाट पोचली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एक म्हातारा कोळी जाळ्यात हलती चित्रं विणायचा. कधी न घडलेलंही त्यांत घडताना दिसे, म्हणून प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात तो एक काळी गाठ मारी. गाठ दिसली की प्राणी समजत, हे खरं नव्हे.

कोल्हा ती चित्रं पळवी, गाठ कुरतडी आणि पाणवठ्यावर टांगी. “मी डोळ्यांनी पाहिलंय हे!” म्हणे. बघ्यांची झुंबड उडे. पुढे पुढे तो चित्र न बघताच गाठ तेवढी कुरतडू लागला.

असंच एक चित्र टांगून तो दूरच्या रानात गेला. दहाव्या दिवशी परतला, तर पाणवठ्यावर सगळे जमलेले आणि कोल्हीण पिंड मांडून बसलेली.

“कुणाचा गं हा?”

कोल्हीण मागे सरकली. “त्यांचा. वाघानं त्यांना फाडलं. सगळ्यांनी पाहिलंय.”

“अगं, मीच तो! ते कोळ्याचं चित्र होतं, खोटं!”

“मग गाठ कुठाय?” साळिंदरानं दबक्या आवाजात विचारलं.

कोल्ह्यानं तोंड उघडलं, इतक्यात फांदीवरून कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.