‘गरुडझेप’चा चोर

“पुन्हा शेवटून पहिलं!” तळसुऱ्याचे राजे धैर्यशीलराव गरजले. “माझं गलबत पुन्हा शेवटून पहिलं!”

गलबताचं नाव मात्र ‘गरुडझेप’. शर्यतीतली बाकीची गलबतं बंदराला लागली, त्यांचे खलाशी जेवले, त्यांनी एक डुलकीही काढली, आणि मग कुठे हा गरुड झेपावत, म्हणजे रांगत, आला. दरबारात विद्वानांना काय तोटा! दिवाण अंतोबा म्हणाले, शीड लहान आहे. शीड दुप्पट केलं. राजज्योतिषी म्हणाले, नाळेला, म्हणजे गलबताच्या पुढच्या टोकाला, चांदी मढवा. मढवली. गरुड आणखीच सुस्तावला. शेवटी सगळ्यांच्या हुशारीतून एकच कारण उरलं: तांडेल फितूर आहे! झालं, गलबत हाकणारा पदाजी तांडेल कोठडीत गेला.

बिचारा पदाजी कधीपासून एकच सांगत होता, गलबत किनाऱ्यावर ओढा आणि तळ साफ करा. पण ज्योतिष्यांचं भाकीत होतं की राजाचं गलबत पाण्याबाहेर ओढलं तर राज्य जाईल. म्हणून ओढणाऱ्याचे हात कलम करायचा हुकूम होता. पदाजीनं बुडी मारून तळाची मूठभर कालवं काढून दाखवली, तर दिवाण म्हणाले, “ही खडकावरची. आम्हाला शिकवतोस?” दिवाणांनी आयुष्यात खडक पाहिला होता तो खिडकीतून.

पदाजीची मुलगी आवडी दुसऱ्या दिवशी थेट दरबारात उभी राहिली.

“म्हाराज, माजा बापूस फितूर न्हाय. तुमचं गलबत धरून ठेवनारे चोर येगळेच हायत. मी दावते.”

“दाव ना!” राजे कुत्सित हसले. “पण मूठभर शिंपल्या आणून नको. गलबताचा अख्खा तळ मी माझ्या डोळ्यांनी पाहीन. आणि ध्यानात ठेव, कोणी ते पाण्याबाहेर ओढायचं नाही, उचलायचं नाही, ढकलायचं नाही. जमलं तर बाप सुटला. नाही जमलं, तर तूही त्याच्या शेजारच्या कोठडीत!”

दरबार खो खो हसला. हसणं हे तिथलं मुख्य काम होतं.

“जमंल की,” आवडी म्हणाली. “फकस्त येत्या अवसेला दुपारी गलबत खाडीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर आनून बांधा. पान्यातच, म्हाराज! आनि समद्या दरबाराला जेवायला घेऊन या.”

जेवण म्हटल्यावर कोणतंच भाकीत आडवं येईना. अमावस्येला भर दुपारी, ऐन उधाणाच्या भरतीला, ‘गरुडझेप’ दांड्यावर डौलात डुलत होतं. खलाशांनी दोन्ही बाजूंनी टेकूही रोवले. किनाऱ्यावर शामियाना लागला. सरंगा, कोळंबी, तांदळाची भाकरी! दरबार तुटून पडला आणि जेवून जागच्या जागी आडवा झाला.

एकटी आवडी जागी होती. ओहोटी लागली होती, पण पाणी कसं सावकाश चाललं होतं! तेवढ्यात राजांनी डोळे उघडले. “काय झालं तुझ्या चोरांचं? आम्ही निघालो.” गलबताखाली अजून कंबरभर पाणी होतं. बापाची कोठडी, शेजारची रिकामी कोठडी, सगळं आवडीच्या डोळ्यांसमोर आलं.

“म्हाराज, तिसऱ्या घाण्यातला सरंगा अजून यायचा हाय. त्यो खाल्ल्याबिगर कोन गेलं न्हाय आजवर!”

राजे पुन्हा मांडी घालून बसले. सरंगा संपला, त्यावर सोलकढी झाली, त्यावर विडा झाला. ऊन कलताना दिवाणांनी समुद्राकडे पाहिलं आणि किंकाळी फोडली.

“घात! गलबत पाण्याबाहेर काढलं! हात कलम करा हिचे!”

‘गरुडझेप’ कोरड्या वाळूवर टेकूंच्या आधारानं उघडंबोडकं उभं होतं.

“कोनी काढलं, दिवाणजी?” आवडी म्हणाली. “बांधलं तितंच हाय. दोराची गाठबी तीच. गलबत पान्याबाहेर न्हाय गेलं, पानीच गलबताला सोडून गेलं. हात कलम करायचे तर दर्याचे करा!”

राजे धावतच तळाशी गेले. वर चांदी झळकत होती आणि खाली एक गावच वसलं होतं. कालवांवर कालवं, शिंपल्यांचे थर, हातभर लोंबणारी शेवाळाची दाढी!

“हे चोर,” आवडी म्हणाली. “घ्या पकडून.”

“एवढीशी कालवं एवढ्या गलबताला अडवतात?” दिवाण नाक मुरडत म्हणाले.

“एकलं कोन कोनाला अडवतंय, दिवाणजी? पन ही जातच तशी. गलबत बसून असलं की चिकटायचं. आपुन हलायचं न्हाय, बसल्या जागी खायाचं, आनि वजन दुसऱ्यानं वाहायाचं. वर चांदी चकचकीत ठिवली, का खाली कोन बघतोय?”

राजांनी तळाकडे पाहिलं. मग शामियान्याकडे पाहिलं. तिथे दरबार अजून ढेकर देत होता. राजांच्या मिशा थरथरल्या, आणि त्यांना हसू आवरेना.

“आता पुढं काय, पोरी?”

“भरती यायच्या आत तळ खरवडाया होवा. वर चुना आनि माशाचं त्याल फासाया होवं. पन हात कमी पडतात.”

“हात? एवढा दरबार कशाला पोसलाय! अंतोबा, कोयता घ्या! ज्योतिषीबुवा, तुम्हीही!”

“महाराज, मुहूर्त—”

“भरतीचा!” आवडी म्हणाली.

कोठडीतून सुटलेला पदाजी मुकादम झाला आणि दरबार जन्मात पहिल्यांदा घामानं भिजला. दुसऱ्या दिवशी ‘गरुडझेप’ वाऱ्यावर असं सुटलं की दिवाणांची पगडी खाडीत गेली. सुकाणूवर पदाजी होता.

राजांनी खूश होऊन विचारलं, “पोरी, हे खरवडणं किती दिवसांनी करावं?”

“गलबताचं सा महिन्यांनी एकदा, म्हाराज. दरबाराचं तुमी ठरवा!”

राजे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग त्यांनी नाळेवरची सगळी चांदी उतरवायला लावली आणि आवडीच्या ओटीत घातली.