सहावे शिंग

उत्तरेच्या समुद्रातल्या हेल्डसे बेटावर उतरलात की धक्क्याच्या उजवीकडे गोट्यांचा किनारा दिसतो. त्यात चार बैलगाड्या मावतील एवढी जागा काळी आहे. तिथले दगड दरवर्षी भाजून निघतात. जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी बेटावरचे पुरुष व्हायकिंगांचा वेश करून एक लांब लाकडी जहाज इथे ओढत आणतात आणि जाळतात. वेशातल्या शिरस्त्राणांना शिंगे असतात. खऱ्या व्हायकिंगांनी तशी घातल्याचा पुरावा नाही, हे मी दोन सभांत सांगून पाहिले. त्यानंतर शिंगे थोडी मोठीच झाली.

मी इथल्या शाळेत एकतीस वर्षे इतिहास शिकवला. म्हणून भारतातून, गावाकडून कोणी आले की माहिती सांगायचे काम माझ्याकडे येते. "आपल्या होळीसारखंच ना, काका?" असे सगळे विचारतात. दिसायला तसेच आहे. पण होळीत आपण जुने, मोडके लाकूड टाकतो. इथे जहाज नवे असते, चार महिने खपून बांधलेले. आधी ते पाण्यात सोडून पाहतात. गळले तर तसेच जाळत नाहीत, आधी दुरुस्त करतात. असे का, याची जी कथा आहे ती मी शेजारच्या मॅग्नसकडून ऐकली. त्याने आजीकडून ऐकली होती. लेखी आधार मला कुठेही सापडलेला नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

हजारएक वर्षांपूर्वी म्हणे ऑस्मुंड नावाचा व्हायकिंग सरदार या बेटावर येऊन राहिला. त्याच्या देशात त्याला तीन वर्षांची हद्दपारी झाली होती. मुदत संपल्यावर पहिल्या उन्हाळ्यात तो परतला नाही, तर शेतीवाडी भावाकडे जाणार होती. म्हणून त्याचा सगळा जीव जहाजात होता. बेटावरच्या कोळ्यांकडून तो मासळी वसूल करी. फार क्रूर नव्हता असे सांगतात, पण त्यांची नावे त्याने कधी विचारली नाहीत.

तिसऱ्या हिवाळ्यात त्याने जहाजाला नवे डांबर दिले आणि प्रवासासाठी सुकी मासळी हवी म्हणून कोळ्यांना ऐन जानेवारीत समुद्रावर पाठवले. सहा होड्या गेल्या. होड्या कातड्याच्या, प्रत्येकीवर चार माणसे आणि फुंकायचे एक शिंग. धुक्यात एकमेकांना हाक द्यायला शिंगच उपयोगी.

इथे त्या दिवसांत दुपारी तीनलाच अंधार पडतो. त्या दुपारी अंधाराबरोबर बर्फाचे वादळ आले. किनाऱ्यावर सहाही शिंगे ऐकू येत होती. माणसे जवळच होती, पण त्यांना किनारा दिसत नव्हता, आणि खडकांमधली वाट दिसल्याशिवाय आत येणे म्हणजे मरण.

उजेड करायचा कशाचा? या बेटावर झाड नाही. तेव्हाही नव्हते. घरांच्या छपरांना देवमाशांच्या फासळ्या. चुलीत पीट, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती. ती आपल्या गोवरीसारखी धुमसते, ऊब देते, पण ज्वाळा उठत नाही. सगळ्या बेटावर कोरडे लाकूड एकच होते.

ब्रेथा नावाची म्हातारी ऑस्मुंडकडे गेली. तिचा मुलगा ड्रोस्तान सहाव्या होडीत होता.

"तुझं जहाज पेटव," ती म्हणाली.

"वेड लागलंय का म्हातारे? मग मी घरी कसा जाऊ?"

"माझी माणसं घरी कशी येतील, तेवढंच मी विचारते आहे."

तो नाही म्हणाला. तेल जाळा म्हणाला. दिव्यांचे सगळे तेल आणून पेटवले, ते वाऱ्याने विझवले. सहा शिंगे वाजतच होती. ती पुन्हा गेली. तो पुन्हा नाही म्हणाला. पीटचा ढीग करा म्हणाला. बायकांनी घरोघरचे पीट उपसून ढीग केला. धूर झाला.

ती तिसऱ्यांदा आली तेव्हा धावत आली नाही.

"आता पाचच शिंगं वाजताहेत," ती म्हणाली. "माझ्याचं शिंग फुटकं होतं, ते वेगळं ओळखू येतं. ते थांबलं. पण पाच आहेत अजून. जहाज पेटव."

 ऑस्मुंडने शिरस्त्राण काढून तिच्या हातात दिले, मशाल घेतली आणि स्वतः जहाजाला लावली. नवे डांबर होते, एका क्षणात ज्वाळा उठली. त्या उजेडाने वाट धरून पाच होड्या एकेक करून आत आल्या. जहाजाची राख होईपर्यंत सगळे सहावीसाठी थांबले. ती आली नाही.

लोक आपापल्या माणसांना घेऊन घरी गेले. ऑस्मुंड राखेजवळ उभा राहिला. त्याच्याकडे कोणी पाहीना. तेव्हा ब्रेथा परत आली आणि म्हणाली, "थंडी आहे. आत चल."

तो ड्रोस्तानच्या अंथरुणावर झोपला. मायदेशी कधीच गेला नाही. ती होती तोवर तिच्यासाठी पीट कापत राहिला.

दरवर्षी हेच सारे पुन्हा होते. बेटावरची सर्वांत वयस्क बाई यार्लला, म्हणजे त्या वर्षीच्या सरदाराला, तीनदा जहाज मागते. त्याने दोनदा नाही म्हणायचे, तिसऱ्यांदा मुकाट्याने शिरस्त्राण द्यायचे. गेल्या वर्षी बेकरीवाला लॉरी यार्ल होता. इंगा आजींनी पहिल्यांदा विचारले आणि तो म्हणाला, "हो."

लोक हसले. "अरे पावात मीठ विसरतोस ते विसरतोस, हेही विसरलास?" कोणीतरी ओरडले. आजी हसल्या नाहीत.

"विसरलो नाही, आजी," लॉरी म्हणाला. "पहिल्याच वेळी हो म्हटलं असतं तर सहाच्या सहा आल्या असत्या."

 आजी म्हणाल्या, "आल्या असत्या, बाळा. पण आल्या नाहीत. नाही म्हण."

तो नाही म्हणाला. दोनदा म्हणाला.

हे सगळे खरे घडले का, असे पाहुणे शेवटी मला विचारतात. मला ठाऊक नाही. पुरावा म्हणून दाखवायला माझ्याकडे काळ्या दगडांशिवाय काही नाही, आणि ते दगड तर आम्हीच काळे केलेले. पण आजही त्या दिवशी पाच होड्या दिवे मालवून समुद्रात उभ्या राहतात, जहाज पेटले की एकेक शिंग फुंकत आत येतात. पाचवे वाजल्यावर सारे गाव गप्प उभे राहते. राख होईपर्यंत कोणी हलत नाही. मग म्हातारी बाई यार्लचा हात धरते आणि म्हणते, "थंडी आहे. आत चल." त्या रात्री बेटावर एकाही दाराला कडी घातलेली नसते.